संदकफूच्या वाटेवर मुक्काम कुठे करावा?

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला आता विजयदुर्ग म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आपल्या विजयदुर्गावरूनच हे नाव घेतलं आहे. सैन्याच्या पूर्व कमांडचं मुख्यालय तिथे असल्यामुळे काही कॅडेटांच्या वडिलांची नेमणूक कोलकात्यात असते, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेलेल्या मुलांचा एक ठरलेला बेत असतो : संदकफू. पश्चिम बंगालमधलं हे सर्वांत उंच शिखर, ३,६३६ मीटर. सियालदह स्थानकातून रात्री दार्जिलिंग मेल पकडली की सकाळी न्यू जलपाईगुडी, तिथून जीपने मिरिक, सुखियापोखरीमार्गे दुपारपर्यंत मानेभंज्यांग. पुढे सिंगालीला धारेवरून भारत-नेपाळ सीमेच्या अल्याडपल्याड चालत संदकफू, फालुट, आणि मग उतरून गोरखे, रम्माम, श्रीखोला. सगळं मिळून सुमारे ८० किलोमीटर.

या ट्रेकची आखणी करायला बसलेली मुलं बहुतेक वेळा एकाच पद्धतीने सुरुवात करतात. एकूण किलोमीटर घ्यायचे, हाताशी असलेल्या दिवसांनी भागायचे आणि भागाकार जिथे येईल त्या गावावर पेन्सिलीने गोल काढायचा. मानेभंज्यांग ते संदकफू ३१ किलोमीटर. दोन दिवस भरपूर झाले. मध्ये १८ किलोमीटरवर गैरीबास आहे, खाली झाडीत, वाऱ्यापासून आडोशाला, ट्रेकर्स हटही आहे. मग पहिला मुक्काम गैरीबास आणि दुसरा संदकफू. कागदावर हे अगदी रेखीव दिसतं, आणि मला वाटतं या ट्रेकमध्ये करता येण्याजोगी सर्वांत वाईट आखणी हीच आहे.

कारण उंचीचे आकडे बघा. मानेभंज्यांग सुमारे २,१५० मीटरवर आहे. म्हणजे ट्रेक जिथे सुरू होतो ते गावच आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) पाचशे मीटर उंच. तिथून वाट चित्रे, मेघमा करत तुमलिंगला सुमारे २,९७० मीटरवर जाते आणि मग गैरीबासला २,६२० पर्यंत खाली उतरते. गैरीबासहून संदकफू गाठायचं तर एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढायचं आणि त्याच रात्री तिथे झोपायचं. पाय हे करू शकतात, चांगल्या तयारीच्या कॅडेटचे तर नक्कीच. फुप्फुसं आणि मेंदू मात्र पायांच्या वेगाने जुळवून घेत नाहीत.

गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम असा आहे : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. इथे शब्द ‘झोपण्याची उंची’ असा आहे, तो लक्षात ठेवायचा. दिवसा थोडं जास्त चढून आलात तर बिघडत नाही, उलट फायदाच होतो. श्वासोच्छ्वास रात्री झोपेत मंदावतो, रक्तातला प्राणवायू आणखी घटतो, आणि त्रास होतो तो बहुतेकदा त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी. म्हणून मुक्कामाचं ठिकाण हा खरं तर प्रकृतीचा निर्णय असतो.

या नियमात बसणारा मुक्काम गैरीबासच्या पुढे सहा किलोमीटरवर आहे. कालपोखरी, सुमारे ३,१७० मीटर. नावाप्रमाणे एक काळसर पाण्याचं छोटं तळं, भोवती प्रार्थनेच्या पताका, शेजारी नेपाळच्या बाजूला चार-दोन लॉज. पहिली रात्र मानेभंज्यांगला, दुसरी तुमलिंगला, तिसरी कालपोखरीला आणि चौथी संदकफूला असा क्रम लावला की शेवटची उडी साडेचारशे मीटरच्या आसपास राहते. यात संदकफूच्या दिवशी चालायचं अंतर फक्त सहा किलोमीटर उरतं. मुलांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. पण बिखेभंज्यांगनंतरचे शेवटचे चार किलोमीटर अंगावर येणारा चढ आहे, आणि तो ताज्या पायांनी, सावकाश, बोलता बोलता चढता आला पाहिजे. चढताना शेजाऱ्याशी सलग वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, एवढी खूण पुरते.

आपलं सैन्य या बाबतीत किती काटेकोर आहे ते कॅडेटांना माहीत असावं. सैन्यात उंचीवर जाणाऱ्या जवानासाठी सरावाचा पहिला टप्पा २,७०० ते ३,६०० मीटरचा धरतात, आणि त्याला सहा दिवस देतात. पहिले दोन दिवस विश्रांती आणि जवळपास फेरफटका. पुढचे दोन दिवस दीड ते तीन किलोमीटर सावकाश चाल, उभा चढ टाळून. शेवटचे दोन दिवस पाच किलोमीटरपर्यंत चाल आणि तीनशे मीटरपर्यंत चढ. संदकफू नेमकं या पहिल्या टप्प्याच्या वरच्या टोकाला आहे. रोज मैदानावर धावणाऱ्या, धडधाकट जवानाला जो नियम लागू आहे, तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला लागू नाही असं म्हणण्याला काही आधार नाही. आपला चार रात्रींचा क्रम या सहा दिवसांपेक्षा घाईचाच आहे. पायी, थोडं थोडं चढत गेल्यामुळे तो निभतो, आणि म्हणूनच त्यात आणखी काटछाट नको.

पालकांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो. मानेभंज्यांगहून संदकफूपर्यंत गाडीरस्ता आहे. जुन्या लँडरोव्हर तिथे अनेक दशकं धावत आल्या आहेत. ‘मुलं दमतील, आपण गाडीनेच जाऊ’ हा विचार प्रेमाचा असला तरी उलटा आहे. कोलकाता समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ-दहा मीटरवर. तिथून रात्रभर रेल्वेने आणि मग दिवसभर गाडीने थेट ३,६३६ मीटरवर जाऊन झोपणं हे चालत जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं. कोलकात्याकडून गेलेले पर्यटक या भागात दगावल्याच्या बातम्या अलीकडे वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. तो रस्ता आपल्याला हवा आहे, पण खाली येण्यासाठी. संदकफूपर्यंत कुणी आजारी पडलं तर गाडी मिळू शकते, हा या वाटेचा मोठा आधार आहे.

आता पाणी. सह्याद्रीत मुक्कामाची जागा आपल्यासाठी आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेली असते. राजगडावर गेलात तर पद्मावती माचीवर तळं आणि देऊळ, हरिश्चंद्रगडावर देवळाजवळ लेणी आणि टाकी. गड बांधणाऱ्यांनी पाण्याशिवाय शिबंदी ठेवलीच नसती. शिवाय गडावर काही झालं तर दोन-तीन तासांत खालचं गाव गाठता येतं. सिंगालीला ही लांबच लांब धार आहे. धारेवर पाऊस पडतो तो दोन्ही बाजूंना वाहून जातो, झरे खाली जंगलात. संदकफू आणि फालुट दोन्हीकडे पाण्याची टंचाई असते, लांबून आणलेलं पाणी जपून वापरावं लागतं. त्यामुळे इथे तंबू मनाला येईल तिथे लावू असं चालत नाही. मुक्काम ठरतो तो चार गोष्टींवर : तिथे पाणी आहे का, वाऱ्यापासून आडोसा आहे का, झोपण्याची उंची नियमात बसते का, आणि तिथून खाली निसटायला वाट कोणती. किलोमीटरचा नंबर यांच्यानंतर.

अंतराचा हिशेब करायचाच तर वेळेत करावा. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली सांगितलेला ठोकताळा आजही वापरतात : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. कालपोखरी ते संदकफू या हिशेबाने दोन तास निघतात. पण हा हिशेब हलक्या ओझ्याच्या, सरावलेल्या माणसाचा, आणि सखल डोंगरांतला. पाठीवर सॅक, विरळ हवा, दर तासाला दहा मिनिटांचा हॉल्ट आणि तुकडीतला सर्वांत हळू चालणारा मुलगा, हे सगळं धरलं की चार तास लागतात. तुकडीचा वेग म्हणजे त्या शेवटच्या मुलाचा वेग, हे आपल्याकडे ड्रिलमध्ये सांगावं लागत नाही. डोंगरात मात्र पुढची मुलं विसरतात.

महाराष्ट्रातून गेलेल्यांना आणखी एक गोष्ट चकवते. घड्याळ सगळ्या देशात एकच, सूर्य मात्र पूर्वेला लवकर निघतो आणि लवकर मावळतो. नोव्हेंबरच्या मध्यात मुंबईत सूर्य साधारण सहाला मावळतो. सिंगालीलावर त्याच दिवशी पावणेपाचलाच तो गेलेला असतो. ‘चार वाजलेत, अजून दोन तास उजेड आहे’ हा आपल्याकडचा अंदाज तिथे अंधारात नेऊन सोडतो. म्हणून आखणीच्या कागदावर प्रत्येक मुक्कामापुढे पोहोचायची शेवटची वेळ दुपारी साडेतीन लिहावी आणि तिथून मागे मोजत निघायची वेळ काढावी.

मग वाट सोडून इकडेतिकडे बघून येण्याचं काय? माझं मत असं की अशा फेऱ्या जरूर ठेवाव्यात. नुसतं चालत राहिलेला मुलगा घरी येऊन किलोमीटर सांगतो, दुसरं काही सांगत नाही. फक्त त्या कुठल्या दिवशी ठेवायच्या हे समजलं पाहिजे. फेरी मुक्कामाला पोहोचल्यावर करायची, सॅक खोलीत ठेवून, पाणी, गरम कपडा आणि टॉर्च तेवढा बरोबर घेऊन. चालता चालता वाटेतून वळून केलेली फेरी महाग पडते, कारण तिचा वेळ पुढच्या मुक्कामाच्या वेळेतून कापला जातो.

तुमलिंगहून टोंगलूचा माथा दीड-दोन किलोमीटरवर आहे, शंभरेक मीटर वर. संध्याकाळी जाऊन यायला किंवा पहाटे सूर्योदयाला उत्तम, आणि उंचीची सवय व्हायलाही मदत. सर जोसेफ हूकर हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ च्या मे महिन्यात दार्जिलिंगहून या टोंगलूवर आले होते. मेमध्ये बहरलेलं जंगल मिळतं आणि ढगही, नोव्हेंबरमध्ये फुलं नसतात पण आकाश स्वच्छ, तेव्हा काय पाहायचं ते आधी ठरवा. पावसाळ्यात मध्य जून ते मध्य सप्टेंबर सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंदच असतं.

कालपोखरीला दुपारी पोहोचलात, चहा-जेवण झालं, डोकं दुखत नाही, तर बिखेभंज्यांगच्या दिशेने तासभर वर जाऊन परत या. तिथे बघण्यासारखं फार नाही. ही फेरी डोळ्यांसाठी नाहीच. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपण्याचा जो फायदा मघाशी सांगितला, त्यासाठी ती आहे. गैरीबासच्या जंगलात लाल पांडा आहे हे खरं, पण तो दिसेल म्हणून वाटेत तासभर बसून राहण्याचा बेत करू नका. तो फार लाजरा प्राणी आहे आणि तुमच्या वेळापत्रकाशी त्याला देणंघेणं नाही.

संदकफूला मात्र दुपारी लवकर पोहोचून जवळच्या आलपर्यंत सपाटीवरून रमतगमत फिरावं. खरा देखावा पहाटेचा. सूर्य वर आला की दऱ्यांतून ढग चढायला लागतात आणि बऱ्याचदा दुपारपर्यंत शिखरं झाकली जातात. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि समोर कांचनजंगा, म्हणजे जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार एका जागेवरून दिसतात. कांचनजंगा आणि शेजारच्या शिखरांच्या रांगेला लोक निजलेला बुद्ध म्हणतात. कपाळ, छाती, पावलं अगदी ओळखू येतात. या एका पहाटेसाठी एवढं चालायचं, तर संदकफूला एकच रात्र ठेवणं मला पटत नाही. एक पहाट ढगात गेली तर दुसरी हवी. आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा नियमही इथेच पाळला जातो. राखीव दिवस ठेवायचा तो संदकफूला.

आता या ट्रेकमधला सर्वांत अवघड निर्णय. संदकफू ते फालुट २१ किलोमीटर. धारेवरून चाल, वारा सतत, मध्ये १४ किलोमीटरवर सबरग्राम सोडलं तर वस्ती नाही, दिवसभराचं पाणी पाठीवर न्यायचं. चढउतार धरून आठ तास. म्हणजे सकाळी साडेसहाला निघालं पाहिजे, आणि त्या दिवशी कुठलीही जादा फेरी नाही. सूर्योदय बघायचा तर सॅक रात्रीच भरून ठेवायची. फालुट सुमारे ३,६०० मीटरवर, तिथे पश्चिम बंगाल, सिक्कीम आणि नेपाळच्या सीमा एकत्र येतात. पहाटे वरच्या माथ्यावरून कांचनजंगा संदकफूपेक्षाही जवळ दिसतं. त्यानंतर १५ किलोमीटर उतरत गोरखे.

हा सगळा भाग लोक मुख्य वाट समजतात. आखणी करताना तो एक मोठी जादा फेरी आहे असं समजावं, म्हणजे डोकं स्वच्छ राहतं. कारण संदकफूहून एक दुसरी वाट थेट खाली गुरदुम करत १६ किलोमीटरवर श्रीखोलाला उतरते. फालुट, गोरखे, रम्माम करून येणारी वाटही शेवटी श्रीखोलालाच येते. दोन्हींचा शेवट एक, फरक दोन दिवसांचा. फालुट गाळलं तर ट्रेक अर्धवट राहत नाही.

तेव्हा हा निर्णय घरी बसून घेऊ नये. कागदावर दोन्ही वाटा लिहाव्यात आणि संदकफूच्या मुक्कामी, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, प्रत्येक मुलाला समोर बसवून विचारावं. डोकं दुखतंय का? जेवण गेलं का? मळमळ, चक्कर? काल रात्री झोप लागली? सरळ रेषेत टाचेला पंजा लावून दहा पावलं चालता येतात का? एकाचंही उत्तर बिघडलेलं असेल तर ती तुकडी फालुटला जात नाही. ‘त्याला गाइडबरोबर खाली पाठवू, बाकीचे पुढे जाऊ’ हे मोठ्या मंडळींच्या गटात एखाद वेळी चालेल, शाळेच्या तुकडीत नाही. आणि लक्षणं रात्रीत वाढली, चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकला थांबेना, तर सकाळची वाट बघायची नाही. खाली उतरणं हेच औषध. पाचशे-हजार मीटर उतरल्यावर बहुतेक मुलं सुधारतात.

इथे मुलांची एक अडचण असते, ती शिक्षकांनी ओळखावी. आपल्यामुळे सगळ्यांचा बेत मोडेल म्हणून मुलगा डोकेदुखी लपवतो. लष्करी शाळेत वाढलेला मुलगा तर जास्तच लपवतो. सोसणं हा गुण आहे असं आपणच त्याला शिकवलेलं असतं. म्हणून निघण्यापूर्वीच, कोलकात्यात सामान बांधताना, सर्वांसमोर सांगून टाकावं की गुरदुमची वाट हा आपला ठरलेला मार्ग आहे, फालुट जमलं तर. मग खाली उतरायला लागलं तरी कुणामुळे बेत मोडला असं कुणालाच वाटत नाही. फालुटच्या दिवशी मध्येच त्रास सुरू झाला तर सबरग्रामहून मोलेकडे उतरता येतं आणि तिथून रम्माम गाठता येतं. ही वाट गाइडला आधी विचारून कागदावर टिपून ठेवावी. या उद्यानात गाइड घेणं सक्तीचंच आहे, मानेभंज्यांगला तो मिळतो. तिथेच नोंदणी होते, आणि वाटेत सशस्त्र सीमा बलाच्या चौक्यांवर ओळखपत्र दाखवावं लागतं. प्रत्येक कॅडेटचं मूळ ओळखपत्र त्याच्याच खिशात हवं, शिक्षकांच्या एका पाकिटात सगळ्यांचं एकत्र नको.

पालकांच्या हातात एक कागद द्यावा. त्यावर तारीख, मुक्काम, मुक्कामाची उंची, आणि फालुट गाळलं तर कुठल्या तारखेला कुठे असू ते. मोबाइलचा सिग्नल धारेवर कुठे लागतो, कुठे नाही. रोज फोन येईल असं वचन मुलाने आईला दिलं की तिसऱ्या दिवशी घरात रडारड सुरू होते. त्यापेक्षा ‘अमुक तारखेच्या संध्याकाळपर्यंत श्रीखोलाहून किंवा रिंबिकहून कळवू, तोवर काही कळलं नाही तरी काळजी करू नका’ असं लिहून द्यावं.

फालुट झालंच तर पुढचा गोरखेचा मुक्काम घाईत उरकू नका. तेराशे मीटर उतरून गुडघे बोलत असतात, आणि गाव तर ओढ्याकाठी, पाइनच्या झाडीत, मक्याची शेतं. तीन-चार दिवसांनंतर भरपूर पाणी इथे मिळतं. मुलं आधी पाय बुडवून बसतात. पुढचं समानदेन हे पठारावरचं छोटं गाव वाटेतच लागतं, त्यासाठी वेगळी फेरी नको. तिथून रम्माम, मग झुलत्या पुलावरून श्रीखोला, सुमारे १५ किलोमीटर, आणि शेवटी जीप.

परतीचं रेल्वेचं आरक्षण करताना राखीव दिवस धरूनच तारीख घ्यावी. न्यू जलपाईगुडीची गाडी चुकेल या भीतीने ढगातल्या सकाळी फालुटकडे निघालेली किंवा आजारी मुलाला घेऊन धावतपळत उतरलेली तुकडी, दोन्ही त्या एका तिकिटाने ठरवलेल्या असतात. दिवस उरला तर दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे, १९५४ मध्ये सुरू झालेली, तेनझिंग नोर्गे जिथे शिकवत ती. तिचं संग्रहालय बघायला अर्धा दिवस सहज जातो.